टोचन

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. पुण्यात पंचवीस वर्षं काढली, बोलणं बरंच गुळगुळीत झालं, पण चिखलीजवळच्या माहेरी, उंद्रीला, पाय ठेवला की माझा पारा आणि माझी भाषा दोन्ही मूळ पदावर येतात. त्या उन्हाळ्याच्या सुटीत तर बाबांनी मला पहिल्याच दिवशी तापवलं. आम्ही नवराबायको प्रवासातून येऊन हातपाय धुतो न धुतो, तोच बाबांनी जाहीर केलं, "धोंड्याच्या वाणात मी जावईबापूले गाडी देऊन राह्यलो."

त्या वर्षी धोंड्याचा महिना नेमका सुटीत आला होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात आणि ताटात तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, कपडे असं वाण देतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आता विष्णूला गरुड लागतो हे मला मान्य आहे. पण आमच्या विष्णूला क्लच कुठल्या पायाने दाबतात हेसुद्धा आठवत नाही. गेली आठ वर्षं तो आपोआप गिअर बदलणारी गाडी चालवतो आणि डाव्या पायाचं काय करायचं म्हणून तो घडी घालून बसतो.

आणि गाडी कुठली? तर बाबांची ती जुनी, क्रीम रंगाची, पेटीसारखी गाडी, जिचा गिअर खाली नसून हँडलला, म्हणजे स्टिअरिंगला आहे. मेहकरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून बाबांनी ती घेतली तेव्हा मी दहावीत होते. बाबा एसटीचे ड्रायव्हर. तीस वर्षं मेहकर डेपोत काढली. दिवसभर बस चालवून यायचे आणि सुटीच्या दिवशी ही गाडी चालवायचे. इतर बाप बाजेवर लवंडायचे, आमचा बाप बॉनेट उघडून वाकायचा. मी शेजारी कंदिलासारखी उभी. पाना दे, फडकं दे, ते नाही बे, दुसरं दे.

बारावीच्या सुटीत त्यांनीच मला गावाबाहेरच्या मैदानात ही गाडी शिकवली. चोरून, कारण आजीला कळलं असतं तर तिने गाव डोक्यावर घेतलं असतं. "गाडीचा आवाज कानानं नाही, तळपायानं आयकायचा," हे मला त्यांनी तिथे सांगितलं. मी शिकले. चांगली शिकले. मग माझं लग्न झालं आणि त्या दिवसापासून या गाडीच्या हँडलला मला हात लागला नाही. माहेरी आले की जावईबापू पुढे, बाबांच्या शेजारी, आणि मी मागे पिशव्यांबरोबर. कुणी ठरवलं नव्हतं, तसं झालं होतं.

आणि आता गाडीही जावयाला! मला ती हवी होती. लहान मुलीला बाहुली हवी असते तितक्या सरळपणे हवी होती. पण मागायची कशी? बापाने आपणहून म्हणायला हवं होतं की ही तुझी. मी चहाचा कप आपटला आणि आत निघून गेले. आई अनारशांचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "कप फोडू नको. बापावर गेली तू."

आता अडचण अशी की वाणात द्यायची गाडी बंद होती. दोन वर्षं गोठ्याशेजारी उभी. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत गेला तशी ती कमी चालली आणि मग थांबलीच. महिन्याभरापूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लागला आणि डॉक्टरांनी बजावलं की सांगेपर्यंत हँडलला हात लावायचा नाही. मी यायच्या आधी गल्लीतल्या माणसांनी अंगणातल्या मातीत गाडी ढकलून पाहिली होती. बॅटरीत हॉर्न वाजण्यापुरता जीव होता. इंजिन ढिम्म. बाबांनी निकाल दिला, "पेट्रोलचा पंप वाळला." अशा गाड्यांचा पंप जाणणारा मिस्त्री एकच उरला होता, तो मेहकरला. बाबांचा जुना दोस्त, गुडघ्याने अधू. तो फोनवर म्हणाला, "मैं किधर आऊं? तुमीच ले आव."

म्हणजे उंद्रीहून चिखली आणि चिखलीहून मेहकर, एवढं अंतर गाडी ओढत न्यायची. टोचन करून.

समोरच्या घरचा ट्रकवाला मेहकरला रिकामा जाणार होता. त्याच्या ट्रकच्या मागे ठळक निळ्या अक्षरांत 'जय भीम' आणि खाली 'अंतर ठेवा'. दोर बांधल्यावर आमच्यात अंतर राहणार होतं जेमतेम पंधरा फुटांचं. बाबांनी विहिरीवरचा जाड दोर काढला, स्वतः गाठी मारल्या, आणि मधोमध लाल फडकं पाहिजे म्हणून माझी नवी लाल ओढणी बांधून टाकली. विचारलं असतं तरी मी दिली असती, पण विचारायची पद्धत नाही. मग नारळ फोडला. बंद गाडीपुढे नारळ फोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

"हँडलवर कोण बसणार?" माझ्या नवऱ्याने विचारलं. टोचन केलेल्या गाडीतही ड्रायव्हर लागतोच. हँडल सांभाळायला आणि ट्रक थांबला की ब्रेक मारायला.

बाबा चपापले. स्वतः बसायची त्यांची तयारी होती, पण आई दारात उभी होती आणि तिच्या हातात लाटणं होतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि लगेच मान हलवली. "ना ना ना. धोंड्याच्या महिन्यात जावयाले टोचन करून नेलं, असं लोकं म्हनतीन. तुम्ही ट्रकात बसा जावईबापू, वर, आरामात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बसंल. हे घरचीच हाय."

वा! म्हणजे लाज जावयाची राखायची आणि दोर माझ्या गळ्यात. "बाबा, गाडी चालू असती तर मला हात लावू दिला असता का?" मी विचारलं. त्यांनी ऐकलं नाही. ऐकू न येण्याचं त्यांचं ऑपरेशन झालेलं नाही, तरी त्यांना सोयीने ऐकू येत नाही.

नवरा बिचारा खांद्यावर पांढरा शेला घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये चढला. मी हँडलवर बसले. आणि बाबा शेजारी, डाव्या बाजूला. मैदानातल्या त्या सुटीनंतर त्या जागेवर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. कधी मांडीवर, कधी दारावर.

खुणा त्यांनी ठरवल्या, अर्थात एसटीच्या. कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चाल. "येक हॉर्न वाजला तं थांबजो," त्यांनी ट्रकवाल्याला बजावलं, "दोन वाजले तं चालजो. मधात काही वाजवनार नाही आमी." मग सीटवर टेकून, तीस वर्षं ज्या आवाजावर गाडी हलवली तो आवाज तोंडाने काढला, "टिंग टिंग." मी दोनदा हॉर्न वाजवला. कोकराने ओरडावं तसा तो वाजला, आणि आम्ही हललो.

टोचन म्हणजे सोपं काम नाही. दोर सतत ताठ राहिला पाहिजे. ढिला पडला की पुढच्या हिसक्याला तुटतो, नाहीतर चाकात जातो. म्हणून मागच्याने पुढच्याच्या आधी ब्रेक मारायचा. ट्रकवाल्याचा लाल दिवा लागेपर्यंत वाट बघितली तर मेलोच. तो कधी थांबणार हे त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. संसारातही असंच असतं म्हणायचा मोह होतो, पण संसारात निदान हॉर्न दमदार असतो.

बाबा गप्प बसतील ही अपेक्षा मी केलीच नव्हती. "दोर पाह्य. दोर पाह्य. म्हैस आली. पाह्यली का म्हैस?" म्हैस इतकी मोठी होती की मेहकरहून दिसली असती. त्यांचा उजवा पाय सारखा खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता. "बाबा, पत्रा फुटेल," मी म्हटलं. "तुह्या पायावर भरोसा नाही मले," ते म्हणाले. मला इतका राग आला की पुढचे दोन किलोमीटर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र बोलत होते.

वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं थांबून बघत होती. लाल ओढणी, नारळाचं पाणी उडालेलं बॉनेट, काळा चष्मा लावून ताठ बसलेला म्हातारा. एका बाईने हात जोडले. तिला बहुतेक लग्नाची गाडी वाटली असावी. बाबांनीही मान हलवून नमस्कार घेतला. मला हसू आवरेना आणि राग तिथेच विरला. राग माझा असाच आहे, येतो तसा जातो.

चिखलीत मात्र त्यांना लागलं. चौकात गर्दीमुळे आम्ही थांबलो, तर पानठेल्यावरून एक आवाज आला. बाबांच्या डेपोतला जुना सोबती. "अरे काय बे ड्रायवरसाहेब! रिटायर होऊन टोचनवर आले काय?" पानठेला हसला. बाबाही हसले, जरा उशिराने. "जावयाले द्याची हाय गाडी," ते मोठ्याने म्हणाले. मग चौक ओलांडेपर्यंत एक शब्द नाही. म्हैस आली तरी नाही. मला त्यांची दया आली. ज्या माणसाने आयुष्यात कधी कुणाला आपली गाडी ओढू दिली नाही, तो आज डाव्या बाजूला बसून चालला होता.

चिखलीच्या पुढे एका चढाला लागून चहाची टपरी आहे. ट्रकवाल्याने तिथे थांबवलं. मी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून उतरले. बाबा शेवटी उतरले, मागच्या चाकाखाली दगड लावला आणि चहाला आले. जावईबापूंना ट्रकवाल्याने स्वतःच्या हाताने बिस्किटं बुडवून द्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नवरा माझ्या कानात म्हणाला, "वरून छान दिसतं. तू मस्त चालवतेयस." मी म्हटलं, "ओढली जातेय. चालवत नाहीये."

परत बसलो. दगड काढला. "टिंग टिंग." दोन हॉर्न. ट्रक हलला, दोर ताठ झाला आणि गाडी जड लागली. म्हणजे भलतीच जड. मागची चाकं खडीवर घासत फरफटली, मग हिसक्याहिसक्याने फिरायला लागली. आणि बॉनेटखालून एक ठसका आला.

हँडलखालचा दांडा मी चाचपला. गाडी गिअरमध्ये होती. पहिल्या.

"बाबा, गिअर तुम्ही टाकला?"

त्यांनी हात मांडीखाली सारला. टाकलाच होता. चढावर गाडी उभी केली की गिअरमध्ये टाकायची आणि चाकाखाली दगड लावायचा, ही तीस वर्षांची सवय. हाताला कोण सांगणार की ही टोचनची गाडी आहे? मी झटकन क्लच दाबला. गाडी हलकी झाली, दोरामागे निवांत जाऊ लागली. खरं तर आता न्यूट्रल करून गप बसायचं.

पण तो ठसका. मी तो तळपायाने ऐकला होता. अंगणातल्या मातीत माणसांनी ढकलून किती ढकलली असेल, दहा पावलं? इथे ट्रक होता आणि मोकळा रस्ता होता. इंजिन फिरत राहिलं तर पंप पेट्रोल ओढेल, त्यातला वाळलेला पडदा ओला होईल. हॉर्नसाठी किल्ली चालूच होती. चढ संपला, रस्ता सपाट झाला. मी दुसरा टाकला.

"काय करून राह्यली?" बाबा ओरडले. "दोर हाय पुढं! ट्रकात घालशीन!"

"गप बसा!"

आयुष्यात पहिल्यांदा मी बापाला गप बसा म्हटलं. आणि क्लच हळूहळू सोडला.

गाडी थरथरली. ठसका. काही नाही. पुन्हा ठसका. मागे काळ्या धुराचा एक ढग. बाबा दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून होते, पण त्यांचा पाय आता पत्र्यावर दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला होता. तेही ऐकत होते. तिसरा ठसका, चौथा, आणि मग तो आवाज, मैदानातला, बारावीच्या सुटीतला. इंजिन धडधडलं आणि गाडीने ट्रककडे उडी घेतली.

क्लच. न्यूट्रल. डावा पाय क्लचवरून काढून ब्रेकवर, उजवा ॲक्सिलेटरवर, म्हणजे गाडी थांबेल पण इंजिन मरणार नाही. एक हॉर्न. बॅटरीला आता जोर आला होता, हॉर्न कोकरासारखा नाही, चांगला बैलासारखा वाजला. ट्रक थांबला, मी थांबले. मधे दोर जमिनीवर लोळत होता आणि माझी ओढणी धुळीत.

बाबांनी डॅशबोर्डवरचे हात काढले. मग म्हणाले, "गिअर मीच टाकला होता."

"माहीत आहे."

"अन् तू क्लच काहाले सोडला?"

"पंप ओला होईल म्हणून."

"हं," बाबा म्हणाले. तीस वर्षांत कुणाचीही तारीफ त्यांनी या 'हं'च्या पुढे नेलेली नाही. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी ट्रकवाल्यावर ओरडले की दोर सोड ना लवकर.

दोर सुटल्यावर बाबा गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि त्यांनी दार उघडलं. सवयीने. मी हँडल सोडलं नाही. "डॉक्टर काय म्हणाले होते?" त्यांनी हात मागे घेतला. "मंग जावईबापू—" नवऱ्याने ट्रकमधूनच दोन्ही हात जोडले. "बाबा, या गाडीत मला बसवा, पण चालवायला सांगू नका. हँडलला गिअर पाहूनच मला घाम फुटतो." शेवटी मीच मेहकरला गाडी नेली. चालवत. बाबा डावीकडे, नवरा मागे, पिशवीशेजारी. मला फार, फार बरं वाटत होतं, आणि ते मी लपवलंही नाही. गाणं म्हणत गेले.

मिस्त्रीचाचा गुडघा धरून बाहेर आले, चालत्या गाडीकडे पाहिलं, मागोमाग आलेल्या ट्रककडे पाहिलं. "चलती गाडी कू टोचन काय कू?" त्यांनी पंपाचा पडदा बदलला, ठिणगी पाडणारे काँटे घासले, आणि बाबांच्या हातावर टाळी दिली. "चलाई किसने?" बाबांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. तोंडाने नाव घेतलं नाही, पण दाखवलं.

मला वाटलं, झालं. आता म्हणतील. परत येताना चिखलीच्या त्याच चौकात त्यांनी मला मुद्दाम गाडी हळू घ्यायला लावली, पानठेल्याकडे बघून हात केला. आणि उंद्रीत शिरताना म्हणाले, "परवा ताटात किल्ली ठेवाची हाय. तिले लाल धागा बांधून ठेवजो."

झाली माती! म्हणजे एवढं सगळं होऊन गाडी जावयाचीच. राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मी घरी आले, लाल धागा घेतला, आणि किल्लीला इतकी घट्ट गाठ मारली की बोट कापलं. नवरा म्हणाला, "मी नाही म्हणतो ना त्यांना." मी म्हटलं, "धोंड्याचं वाण नाकारत नसतात. घ्या आणि पुण्याला नेऊन झाकून ठेवा."

तिसऱ्या दिवशी जेवण झालं. धोंडे उत्तम होते, तुपात बुडलेले. नवरा पाटावर, मी शेजारी. बाबांनी काळ्या चष्म्यानेच ताट उचललं. तेहतीस अनारसे, वर दिवा, टॉवेल, टोपी, शर्टाचं कापड. मी ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. किल्ली नव्हती.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "तुमच्या वाणातली येक वस्तू कमी केली. राग मानू नोका."

"छे छे," नवरा म्हणाला आणि एक अनारसा उचलून खाल्लासुद्धा. मला वाटलं, बदलला विचार, आता ही गाडी पुन्हा गोठ्याशेजारी उभी राहणार. मी ताटं उचलली आणि आदळत मोरीवर नेली. आई माझ्याकडे बघून हसत होती, त्याने मी आणखी तापले.

उन्हं उतरल्यावर अंगणात गेले तर गाडीचं डावं दार उघडं. बाबा आत बसले होते, स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, हात मांडीवर नीट ठेवलेले. हँडलखाली किल्ली लावलेली होती आणि तिचा लाल धागा लोंबत होता.

"बस," ते म्हणाले.

"कुठं?"

"माह्या जागेवर. मेहकरच्या डेपोपोतर जाऊन येऊ."

मी तिथेच उभी राहिले. "आणि चष्मा निघाल्यावर?"

"चष्मा निघाल्यावर बी मी इकडंच बसीन," बाबा म्हणाले. "तीस वर्सं रस्ता पाह्यला. आजूबाजूचं काही पाह्यलंच नाही." मग जरा थांबून, समोर बघत, "जावयाले अनारसे देल्ले. गाडी तुह्यी हाय. मैदानातच द्याले पाह्यजे होती. उशीर झाला."

मी बसले. सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला वळवला. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि मी थांबले, कारण ड्रायव्हर घंटेशिवाय गाडी हलवत नाही.

"टिंग टिंग," बाबा म्हणाले.

मी पहिला टाकला.